मक्षिकास्थाने मक्षिका

बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आम्ही मेंडेलचा नियम मण्यांवर सिद्ध केला. दोन वाट्या, दोन्हींत लाल आणि पांढरे मणी निम्मे-निम्मे. डोळे मिटून प्रत्येक वाटीतून एकेक मणी उचलायचा, जोडी लिहायची, मणी परत टाकायचे. शंभर जोड्या झाल्या की निदान एक लाल मणी असलेल्या पंचाहत्तर आणि दोन्ही पांढरे असलेल्या पंचवीस जोड्या यायला हव्यात. माझ्या ६८ आणि ३२ आल्या. मी तसं लिहिलं. सरांनी जर्नल पाहिलं आणि “मागच्या बॅचचं बघून नीट लिही” म्हणाले. मी ७४ आणि २६ लिहिलं. बरोबर ७५ लिहिलं तर संशय येईल, एवढी अक्कल तोवर आली होती. सही मिळाली. गंमत म्हणजे ६८-३२ मध्ये काहीच वावगं नव्हतं. काय-स्क्वेअर लावला असता तर निव्वळ योगायोगाने एवढा फरक पडू शकतो हे कळलं असतं, आणि काय-स्क्वेअर त्याच जर्नलच्या पुढच्या पानावर होता.

पोथीची नक्कल करणाऱ्या लेखनिकाची गोष्ट सगळ्यांना माहीत असते. मूळ पानावर एक माशी चिकटून मेलेली होती. याने नकलेतही नेमक्या त्याच जागी एक माशी मारून चिकटवली. मक्षिकास्थाने मक्षिका. आमची जर्नलं या पद्धतीने वर्षानुवर्षं पुढे सरकत होती. त्यात खरी माशी मात्र एकही नव्हती. ड्रोसोफिला आम्हाला भेटली ती काचपट्टीवर कायमची चिकटवलेली, परीक्षेतला स्पॉट म्हणून. ओळखा आणि दोन वैशिष्ट्यं लिहा.

आता माझा दिवस त्याच माशीबरोबर जातो. फळमाशी म्हटलं की आपल्याकडे आंब्याला लागणारी डोळ्यांपुढे येते. ही ती नव्हे. पिकलेल्या केळ्यांवर घोंघावतं ते चिलट. पीएच.डी. याच चिलटांवर झाली, पोस्टडॉकही यांच्यावरच चालू आहे. माझी आई शेजाऱ्यांना “ती अमेरिकेत माशा मारते” असं सांगते, आणि वर “पगारी” हा शब्द जोडते. गेल्या दोन वर्षांपासून मी त्या मारायला शिकवतेही. आठवड्याचे चार दिवस विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत, एक दिवस चाळीस मिनिटांच्या बसप्रवासावरच्या एका छोट्या सार्वजनिक कॉलेजात. अशी जोडनोकरी इथे नवीन नाही. राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या एका विभागाने १९९९ मध्ये ‘इराक्डा’ नावाची योजना काढली होती. साधारण तीन हिस्से संशोधन, एक हिस्सा अध्यापन, आणि अध्यापन अशा कॉलेजांत जिथे संशोधनाचं वारं फारसं पोचत नाही. माझी जागा त्याच धाटणीची आहे. ‘शिकवण्यात गुंतलीस तर करिअर संपलं’ हा सल्ला मला तीन जणांनी तीन वेगवेगळ्या कॉन्फरन्समध्ये दिला. तिघेही प्राध्यापक होते.

या निमित्ताने दोन गोष्टी पुन्हा वाचल्या, एक पुस्तक आणि एक शोधनिबंध. त्यांच्याबद्दल लिहायचं आहे.

पुस्तक म्हणजे रॉबर्ट कोलर या विज्ञान-इतिहासकाराचं ‘लॉर्ड्स ऑफ द फ्लाय’. शिकागो विद्यापीठाने ते १९९४ मध्ये काढलं. पीएच.डी. करताना मी ते जनुकशास्त्राचा इतिहास म्हणून वाचलं होतं. शिकवायला लागल्यावर पुन्हा हातात घेतलं आणि सुरुवातीच्या प्रकरणांतच अडकले. कोलर विचारतो की हा प्राणी प्रयोगशाळेत शिरला कसा. आपण समजतो की मॉर्गनसारख्या कोणी दूरदृष्टीने त्याची निवड केली. कोलर दाखवतो की माशी मागच्या दाराने आली, विद्यार्थ्यांचा प्राणी म्हणून. हार्वर्डला विल्यम कॅसलच्या प्रयोगशाळेत १९०१च्या सुमारास ती आली ती स्वस्त होती म्हणून. उंदीर, कोंबड्या, गिनीपिग महाग, त्यांना जागा लागते, आणि शिकाऊ पोराने त्यांची वाट लावली तर नुकसान मोठं. माशीचं तसं नाही. केळ्याचा तुकडा आणि एक बाटली पुरते. शिवाय इथे कॉलेजं उघडतात ती शरद ऋतूत, तेव्हा फळं पिकलेली असतात आणि माश्या आपणहून येतात. २५ अंशांना दहा दिवसांत नवी पिढी. एका सत्रात चार-पाच पिढ्या सहज बघून होतात. जगातला सर्वांत जास्त अभ्यासला गेलेला कीटक असा शैक्षणिक वेळापत्रकात बसला म्हणून निवडला गेला, हे वाचून मला फार बरं वाटलं.

पुढची गोष्ट पुष्कळांना ठाऊक असते. कोलंबिया विद्यापीठातली ती १६ बाय २३ फुटांची खोली, दुधाच्या बाटल्यांमध्ये माश्या, केळ्यांचा वास. थॉमस हंट मॉर्गनने कोलंबियातल्या २४ वर्षांत प्राणिशास्त्राच्या प्रास्ताविक वर्गाची सुरुवातीची व्याख्यानं एकाच वर्षी दिली, १९०९-१० मध्ये. त्या वर्गात आल्फ्रेड स्टर्टेव्हंट आणि कॅल्व्हिन ब्रिजेस होते. ब्रिजेसला बाटल्या धुवायला ठेवला होता. एका बाटलीत वेगळ्या लाल डोळ्यांची माशी त्याने नुसत्या नजरेने टिपली आणि त्याचं काम बदललं. १९११च्या अखेरीस स्टर्टेव्हंटने मॉर्गनशी बोलून काही आकडे घरी नेले, कॉलेजचा गृहपाठ बाजूला ठेवला आणि रात्रभर बसून जगातला पहिला जनुकीय नकाशा काढला. एका गुणसूत्रावरची सहा ठिकाणं, त्यांचा क्रम, त्यांच्यातली अंतरं. निबंध १९१३ मध्ये छापून आला. तो नकाशा काढला तेव्हा हा पोरगा पदवीचा विद्यार्थी होता.

कोलरची मोठी कल्पना अशी की माशी ही अणुभट्टीसारखी चालते. जितक्या माश्या मोजाल तितके उत्परिवर्ती सापडतात, ते सापडले की त्यांचे संकर करायला आणखी माश्या लागतात, आणि मग आणखी माणसं लागतात. माशीनेच माणसांना कामाला लावलं. त्याबरोबर एक व्यवहारनीतीही आली: आपले माशीवाण कोणी मागितले तर द्यायचे, पैसे घ्यायचे नाहीत, आपण काय करतोय ते लपवायचं नाही. १९३४ मध्ये ‘ड्रोसोफिला इन्फर्मेशन सर्व्हिस’ नावाचं साधंसुधं वार्तापत्र निघालं, त्यात कोणाकडे कुठले वाण आहेत त्याच्या याद्या असत. आजही मी इंडियानातल्या ब्लूमिंग्टनच्या केंद्रातून माश्या मागवते तेव्हा त्या टपालाने येतात, काचेच्या नळीत, जिवंत. कोलरच्या पुस्तकाचा हा भाग मला सर्वांत आवडतो. कोणाकडे कुठली बाटली होती आणि ती कोणी कोणाला दिली, यातून एका शास्त्राचा स्वभाव कसा घडला हे तो दाखवतो.

पण दुसऱ्या वाचनात मला या पुस्तकात एक भोक दिसलं. विद्यार्थी हे कोलरसाठी माशीचं प्रवेशद्वार आहे. माशी त्या दारातून आत आली की दार मागे राहतं. शिकाऊ हातांतून प्राणी संशोधनात कसा आला हे तो रंगून सांगतो, पण पुढे त्या वर्गाचं काय झालं हे त्याला विचारावंसं वाटत नाही. स्टर्टेव्हंट आणि ब्रिजेस त्या खोलीत पोचले. त्याच वर्गात बाकीची मुलं बसली होती, त्यांनी माशी पाहिलीसुद्धा नसेल. खोलीत जाणारा रस्ता एकच होता, मॉर्गनच्या नजरेत भरणं. आणि ती नजरही सगळ्यांवर सारखी पडत नव्हती. लिलियन मॉर्गन, त्याची बायको, स्वतः पट्टीची भ्रूणशास्त्रज्ञ. तिने दोन एक्स गुणसूत्रं एकमेकांना जोडलेली माशी शोधून १९२२ मध्ये निबंध लिहिला. ते वाण शंभर वर्षं वापरात आहे. तिला तेव्हा कसलंही पद नव्हतं.

इथल्या विद्यापीठांत आजही पदवीच्या मुलांना संशोधन मिळतं ते बव्हंशी याच रस्त्याने. प्राध्यापकाला ईमेल करायची, ‘तुमच्या प्रयोगशाळेत काम करायला आवडेल’ असं लिहायचं. कोणाच्या आईवडिलांनी हे सांगितलेलं असतं, कोणाच्या नाही. आपल्या मंडळांतल्या घरची मुलं नववीपासून असल्या ईमेल लिहायला शिकतात, हे मी दिवाळीच्या कार्यक्रमांत पाहिलंय. माझ्या वर्गातली मुलं लिहीत नाहीत. अशी ईमेल लिहायची असते हेच त्यांना ठाऊक नाही. ठाऊक असतं तरी दुपारी तीननंतर त्यांना कामावर जायचं असतं. २०१४ मध्ये बंगेरा आणि ब्राउनेल यांनी हाच मुद्दा एका छोट्या निबंधात मांडला: संशोधन ऐच्छिक ठेवलं तर ते ओळखीच्या माणसांना मिळतं, वर्गातच घातलं तर सगळ्यांना मिळतं. मला तो पटतो. अशा वर्गांना इथे ‘क्युअर’ म्हणतात. नाव जरा जास्तच आशावादी आहे. त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका निबंधात अशा वर्गाच्या खुणा दिल्या होत्या: उत्तर आधी कोणालाच माहीत नसावं, ते वर्गाबाहेर कोणाच्या तरी उपयोगाचं असावं, मुलांनी मिळून काम करावं, शास्त्रज्ञ वापरतात त्या रीती वापराव्यात, आणि पुनरावृत्ती असावी, म्हणजे फसलेलं पुन्हा करायला मिळावं. शेवटची खूण लक्षात ठेवा.

आता शोधनिबंध. मे २०१५ मध्ये ‘जी-थ्री’ नावाच्या जनुकशास्त्राच्या नियतकालिकात तो आला. विषय माशीच्या सर्वांत छोट्या गुणसूत्राचा. सूक्ष्मदर्शकात ते टिंबासारखं दिसतं. त्याचा बराचसा भाग घट्ट गुंडाळलेला, एरवी अशा भागातली जनुकं गप्प असतात, पण इथली ऐंशीच्या आसपास जनुकं चालू आहेत. हे कसं, आणि चार वेगवेगळ्या जातींच्या माश्यांत हे कसं टिकलं, हा प्रश्न. निबंधाला १,०१४ लेखक होते. त्यांतले ९००हून अधिक पदवीचे विद्यार्थी.

‘जीनोमिक्स एज्युकेशन पार्टनरशिप’ या उपक्रमाचा हा निबंध. सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या सेरा एल्गिन यांनी तो २००६ मध्ये उभा केला. कल्पना हुशारीची होती. जनुकक्रम यंत्र काढून देतं, पण कुठलं जनुक कुठे सुरू होतं, कुठे संपतं, मध्ये किती तुकडे आहेत हे नीट ठरवायला तेव्हा माणसाचा डोळा लागे. देशभरच्या कॉलेजांना गुणसूत्राचे छोटे छोटे तुकडे वाटून द्यायचे. माश्या पाळायला नकोत, संगणक पुरतो. प्रत्येक तुकडा निदान दोघांनी एकमेकांचं न बघता सोडवायचा, मग अनुभवी विद्यार्थ्यांनी दोन्ही उत्तरं ताडून बघायची. शिक्षकांना प्रशिक्षण मध्यवर्ती, सॉफ्टवेअर मध्यवर्ती, अडलं तर विचारायला माणूस मध्यवर्ती. ज्या छोट्या कॉलेजात जीवशास्त्राचे तीन शिक्षक सगळे विषय शिकवतात, तिथे हे वरदान आहे. मी हे वाचताना हेवा करत होते.

निबंध आला तेव्हा ‘नेचर’ने त्याची बातमी केली आणि काही शास्त्रज्ञांनी जाहीरपणे विचारलं की एक तुकडा सोडवला म्हणून कोणी लेखक होतो का. उपक्रमाचं उत्तर असं होतं की मुलांनी नुसते तुकडे सोडवले नाहीत, मसुदा वाचला, त्यावर मतं दिली, त्याला संमती दिली, मगच नाव लागलं. मला हा वाद तेव्हाही चुकीच्या ठिकाणी चाललाय असं वाटलं आणि आजही वाटतं. पदार्थविज्ञानात हजारो लेखकांचे निबंध येतात, कोणाच्या पोटात दुखत नाही. विशीतल्या नऊशे मुलांची नावं छापली तर लेखकपणाची किंमत घसरते, असं म्हणणाऱ्यांनी आधी प्रयोगशाळेच्या प्रमुखाचं नाव प्रत्येक निबंधावर का असतं त्याचा खुलासा करावा. यूसीएलएला उत्पल बॅनर्जी यांनी २००५ मध्येच हे केलं होतं. दिल्ली, आयआयटी कानपूर, मग कॅलटेक असा त्यांचा प्रवास. त्यांच्या वर्गात मुलं खऱ्या माश्या हाताळून, डोळ्यांत प्राणघातक उत्परिवर्तनांचे ठिपके तयार करून, कुठलं जनुक डोळ्याच्या वाढीला लागतं ते बघत. त्या निबंधावरही शंभराहून जास्त नावं होती.

माझी अडचण दुसरी आहे. टिंब-गुणसूत्राच्या कामात विद्यार्थ्याची चूक ही दुरुस्त करून टाकायची गोष्ट आहे. दोघांची उत्तरं जुळली नाहीत तर तिसरा बघतो आणि बरोबर काय ते ठरवतो. शास्त्राच्या दृष्टीने हे अगदी योग्य, आणि या निबंधाची माहिती विश्वासाची वाटते ती त्यामुळेच. पण ज्याचं चुकलं त्याला ते कळेपर्यंत सत्र संपलेलं असतं. पाच खुणांमधली शेवटची, फसलेलं पुन्हा करणं, ती इथे व्यवस्थेने केली, विद्यार्थ्याने नाही. काम फार मोठं झालं की असं होणारच. अणुभट्टी चालू ठेवायला हात लागतात, आणि शिकवणं व संशोधन एकत्र आणलं की एक धोका कायम असतो, मुलं हात होतात. फी भरून आलेले हात. एल्गिन यांच्या गटाला याची जाणीव असावी. त्यांनीच २०१४ मध्ये दाखवलं की याच कामावर वर्गातले जास्त तास खर्च केले की मुलांचा फायदा वाढतो. तास वाढवा, हे सांगणारा निबंध कुठल्याही डीनला आवडत नाही.

एक आकडा डीनला आवडतो, तोही देते. टेक्सास विद्यापीठाच्या ऑस्टिन शाखेत पहिल्या वर्षापासून सलग तीन सत्रं संशोधनाच्या वर्गात बसलेल्या मुलांची तुलना २०१६ मध्ये तशाच पार्श्वभूमीच्या न बसलेल्या मुलांशी केली. विज्ञान-तंत्रज्ञानाची पदवी मिळण्याची शक्यता ७१ टक्क्यांवरून ९४ टक्क्यांवर गेली. सहा वर्षांत कॉलेज पूर्ण होण्याची ६६ वरून ८३ वर. त्यात सगळेच काही माशीवाले नव्हते. आणि मला सर्वांत बोलका वाटलेला भाग बातम्यांत येत नाही: शेवटच्या गुणांच्या सरासरीत फरक पडला नाही. मुलं हुशार झाली असं नाही, टिकली.

आता माझा वर्ग. अठरा मुलं, नऊ जोड्या, दर मंगळवारी सकाळी तीन तास. प्रत्येक जोडीला एक जनुक, त्याचा आवाज माशीच्या चेतापेशींत दाबायचा आणि माश्या किती चढतात ते बघायचं. नळी टेबलावर आपटली की सगळ्या तळाशी पडतात, मग स्वभावाने वर चढतात. दहा सेकंदांत किती जणी आठ सेंटिमीटरच्या रेघेवर गेल्या ते मोजायचं. यंत्र लागत नाही, घड्याळ आणि मार्कर लागतो. जनुकांची यादी आमच्या प्रयोगशाळेच्या खऱ्या कामातली, म्हणजे उत्तर मलाही माहीत नाही.

कोलर म्हणतो माशी वेळापत्रकात बसते. त्याने बहुधा मंगळवारचं प्रॅक्टिकल घेतलेलं नाही. संकरासाठी कुमारी माद्या लागतात, आणि कोशातून बाहेर पडल्यावर सुमारे आठ तासांत मादी नराला जवळ करू लागते. म्हणजे सकाळी नऊला वर्गात कुमारी माद्या हव्या असतील तर आदल्या संध्याकाळी सगळ्या नळ्या रिकाम्या करून १८ अंशांच्या थंड कपाटात ठेवायच्या, तिथे सगळं संथ चालतं आणि मुदत सोळा तासांवर जाते. ते कोण करतं? सोमवारी संध्याकाळची बस पकडून मी. हा वेळ ना माझ्या संशोधनाच्या तीन हिश्श्यांत धरला जातो ना अध्यापनाच्या एका. खाद्यही मीच शिजवते, मक्याचं पीठ, यीस्ट, अगर आणि इथली मोलॅसिस. तिचा वास आमच्याकडच्या काकवीसारखा येतो आणि सोमवारी रात्री फार भूक लागते.

गेल्या वसंत सत्रात माझ्या वर्गात एक मुलगी होती. रात्री गोदामात पॅकिंगचं काम करून सकाळी थेट वर्गात यायची. तिच्या वाट्याला आलेलं जनुक आमच्या दृष्टीने महत्त्वाचं होतं. आधीच्या सत्रातल्या जोडीने त्याचा निकाल काढला होता: आवाज दाबला की पंधराव्या दिवशी माश्या चढेनाशा होतात. त्या निकालाचा आलेख आमच्या निबंधाच्या मसुद्यात चौथ्या आकृतीत बसला होता. तिचं काम फक्त तोच प्रयोग जास्त माश्यांवर करण्याचं. तिसऱ्या आठवड्यात ती कृतीचा कागद घेऊन आली. कागदावर लिहिलं होतं, प्रयोगाच्या नळ्या २९ अंशांना, तुलनेच्या नळ्या २५ अंशांना. “दोन्ही एकाच कपाटात का नाही ठेवायच्या?”

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. २९ अंशांना जनुक जास्त चांगलं दबतं म्हणून आम्ही प्रयोगाच्या माश्या तिथे ठेवतो, हे खरं. पण ऊब वाढली की माशी म्हातारीही लवकर होते. २९ अंशांची पंधरा दिवसांची माशी आणि २५ अंशांची पंधरा दिवसांची माशी एका वयाच्या नसतात. तुलनेच्या माश्या त्याच कपाटात हव्यात, हे मी कोणालाही तोंडी परीक्षेत सांगितलं असतं. कागदावर २५ का होतं? कधीतरी कोणाच्या तरी उबदार कपाटात जागा नव्हती म्हणून. तो कागद माझ्या आधी शिकवणाऱ्याचा होता. त्याने तो आणखी जुन्या कागदावरून घेतला होता, आणि मी तारीख बदलून अठरा प्रती काढल्या होत्या.

जर्नलातल्या ७४ आणि २६ला सरांना दोष देत मी इतकी वर्षं काढली होती.

तिने दोन्ही नळ्या एका कपाटात ठेवून प्रयोग केला. फरक नाहीसा झाला. तिला वाटलं आपलंच काहीतरी बिघडलं. तिने पुन्हा केला, सत्राच्या वेळापत्रकात नसलेल्या दोन आठवड्यांत, गोदामाच्या सुट्टीच्या दिवशी. तरी फरक नाही. तिसऱ्यांदा आम्ही दोघींनी मिळून केला, नळ्यांवर नावांऐवजी आकडे टाकून, म्हणजे कुठली कोणती ते मोजताना कळू नये. फरक नाही. त्या जनुकाचा चढण्याशी काही संबंध नव्हता, निदान आम्हाला दिसला तो तरी नव्हता. मी मसुद्यातून ती आकृती काढली. निबंध जरा बारीक झाला. प्रयोगशाळेत आनंदीआनंद झाला असं म्हणता येणार नाही.

मुंबईला मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने ‘क्यूब’ नावाने कॉलेजच्या मुलांसाठी असंच काही चालवलंय, फार कमी खर्चात. केळ्याच्या आमिषाने घरीच माश्या धरायच्या, पाण्यातले किडे बरणीत वाढवायचे आणि प्रश्न आपले आपण काढायचे. माझी एक मैत्रीण पुण्याजवळ शिकवते, तिच्याशी मी या सत्राबद्दल फोनवर बोलत होते. ती म्हणाली, “आमच्याकडे आता चौथं वर्ष आलंय, संशोधनासह ऑनर्स. पण आधीच्या सहा सत्रांत ७५ टक्के असतील त्यालाच.” विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२च्या आराखड्यात अट तशीच आहे. मी माझ्या वर्गाचे गुण आठवून पाहिले. कागद घेऊन आलेल्या मुलीला त्या अटीखाली संशोधन मिळालं नसतं. रात्रपाळीने तिची पहिली दोन सत्रं खाल्ली होती. मैत्रिणीचं म्हणणं वेगळं होतं, तेही नोंदवते. तिच्या एका बॅचला साठ मुलं आहेत, सूक्ष्मदर्शक अकरा, आणि तिच्यावर आठवड्याला सोळा तासिका. “तू सगळ्यांना संशोधन म्हणतेस, मी सगळ्यांना स्टूल म्हणते,” ती म्हणाली. यावर मला बोलता आलं नाही. माझे अठरा आणि सोमवारची बस हे तिच्या साठांना लागू पडत नाही, आणि क्युअरवरच्या निबंधांचे लेखक बहुतेक माझ्यासारखे आहेत, तिच्यासारखे नाहीत. क्यूबच्या बरण्या तिच्या परिस्थितीला जवळच्या आहेत. तिने एक बरणी खिडकीत ठेवली आहे, एवढं सांगितलं.

आमचा निबंध आता पुन्हा पाठवायच्या बेतात आहे. अकरा लेखक आहेत. आधीच्या सत्रातल्या ज्या जोडीच्या आलेखाने चौथी आकृती भरली होती, त्यांचं दुसरं एक काम निबंधात राहिलंय, म्हणून त्यांची नावं आहेत, आणि ते रास्त आहे. टिंब-गुणसूत्राच्या निबंधाच्या नियमाने या मुलीचं नाव लागलं असतं, कारण तिने मसुदा वाचला, दोन परिच्छेदांवर शंका काढल्या, त्यांतली एक बरोबर होती. आमच्या प्रयोगशाळेचा नियम जुना आहे, आकृतीत ज्याचं काम त्याचं नाव. तिच्या कामाची आकृती नाही. तिचं काम म्हणजे एक आकृती नसणं.

मी यादीत तिचं नाव सातवं घातलं आणि मसुदा प्रमुखांकडे पाठवला. गेल्या गुरुवारी तो परत आला. तिच्या नावाशेजारी समासात प्रश्न होता, “हिची आकृती कोणती?” मी खाली लिहिलं, “चार-ब. मागचा मसुदा उघडून पाहा,” आणि तो जुना मसुदा जोडला, तिच्या तिन्ही वेळच्या मोजण्यांसह. उद्या सोमवार आहे. बसच्या आधी उत्तर आलं तर ठीक, नाही तर मंगळवारी वर्गानंतर मी त्यांच्या खोलीत जाणार आहे.